वीस वर्षं, वीस दिवस

माझा भाचा मे महिन्यात आमच्याकडे बेल्जियममध्ये लूव्हनला आला. त्याला निरोप देण्याआधी ताईने मला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा तो एकटा विमानात बसतोय, मध्ये विमान बदलायचंय, गोंधळला तर? मी म्हटलं, अगं वीस वर्षांचा घोडा झालाय. त्यावर ताई म्हणाली, "घोडा दिसायला. सकाळी दहा हाका मारल्याशिवाय उठत नाही." तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. साडेदहा वाजता चहाचा कप घेऊन तो खाली आला तेव्हा एका पायात मोजा होता आणि दुसरा हातात.

त्याला काय दाखवायचं हा प्रश्न होता. ब्रसेल्स झालं, चॉकलेटची दुकानं झाली. तेव्हा एका रविवारी सायकली काढल्या आणि लूव्हनला लागूनच असलेल्या हेव्हरलीच्या युद्ध दफनभूमीत त्याला नेलं. मी तिथे अधूनमधून जाते. का, ते नीट सांगता येणार नाही. शांत असतं, झाडं चांगली आहेत, आणि तिथला माळी गवत असं कापतो की आपल्याकडे क्रिकेटच्या खेळपट्टीलाही ते नशीब लाभत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या हजाराच्या आसपास कबरी आहेत. बहुतेक विमानदळाच्या पोरांच्या. इंग्लंडहून जर्मनीकडे जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांचा रस्ता बेल्जियमवरून जायचा. येतानाही तोच. जे पोचले नाहीत त्यांच्यापैकी कितीतरी जण इथे आहेत.

सगळे दगड एका उंचीचे, एका रंगाचे. अधिकारी असो की साधा सैनिक, मापात फरक नाही. भाचा एकेका दगडावरचं वय वाचत पुढे जात होता आणि एकाजवळ थांबला. या दगडावर इतरांसारखा नेहमीचा क्रूस नव्हता, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, कोरलेला होता. फ्लाइंग ऑफिसर एल. टी. मॅन्सर. ३१ मे १९४२. वय २०.

"मावशी, हा माझ्याएवढाच आहे," तो म्हणाला.

वीस वर्षं आणि बरोबर वीस दिवस. लेस्ली थॉमस मॅन्सरचा जन्म ११ मे १९२२ चा, आणि तोही आपल्याकडचा. नवी दिल्लीत. त्याचे वडील पोस्ट आणि तार खात्यात इंजिनिअर होते. १९२२ मध्ये नवी दिल्ली म्हणजे अजून अर्धी परातीतच होती, दगड घडवणं चालू होतं. या मुलाची शाळाही हिंदुस्थानातलीच, दार्जिलिंगच्या वाटेवरच्या कर्सियांगची, व्हिक्टोरिया बॉइज स्कूल. दार्जिलिंगच्या टूरवर गेलेल्यांना कर्सियांग आठवत असेल. छोटी गाडी भर बाजारातून, दुकानांच्या फळ्यांना जवळजवळ घासत जाते ते गाव. आम्ही गेलो होतो तेव्हा गाडी तिथे बराच वेळ थांबली होती. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी खिडकीतून हात घालून एका दुकानातून केळी घेतली आणि सुटे पैसे परत येईपर्यंत गाडी हलू नये म्हणून देवाचा धावा केला. तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. आता कर्सियांग म्हटलं की धुक्यात शाळेची चढण चढणारा एक गोरा पोरगाही डोळ्यांपुढे येतो.

पुढे कुटुंब इंग्लंडला परतलं, हर्टफर्डशायरमधल्या रॅडलेटला स्थिरावलं. लेस्ली जवळच्या ऑल्डनहॅम शाळेत जाऊ लागला. युद्ध सुरू झालं. त्याने आधी लष्करात आणि नौदलात जायचा प्रयत्न केला. दोन्हीकडे जमलं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये विमानदलाने त्याला घेतलं. मे १९४१ मध्ये तो पायलट ऑफिसर झाला. ऑगस्टच्या अखेरीस पन्नासाव्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला आणि दोन दिवसांत फ्रँकफुर्टवरच्या हल्ल्यात दुय्यम वैमानिक म्हणून गेलासुद्धा. आपल्याकडे नव्या नोकरीत दोन दिवसांत ओळखपत्रही हातात पडत नाही.

इथे त्या काळच्या हिशेबाबद्दल सांगायला हवं. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये वैमानिकाची एक पाळी तीस मोहिमांची असे. तीस झाल्या की काही काळ सुट्टी, मग शिकवणीचं काम, मग पुन्हा बोलावणं. या दलात युद्धभर सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाण केलं. त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. जखमी झाले, कैद झाले ते वेगळे. हे सगळे स्वेच्छेने आलेले होते आणि बहुतेक पंचविशीच्या आतले. आपल्याही लोकांचं नातं आहे या हिशेबाशी. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे नाव वाचलं तेव्हा मी दचकलेच होते. सुखठणकर लँकेस्टर विमानात नेव्हिगेटर होते, पाथफाइंडर म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन लक्ष्य उजळवून देणाऱ्या १५६ व्या स्क्वाड्रनमध्ये. त्यांना डीएफसी हे उड्डाणातल्या शौर्याचं पदक मिळालं आणि ते जिवंत परतले.

मे १९४२. बॉम्बर कमांडचा प्रमुख आर्थर हॅरिस याला एकाच रात्री एकाच शहरावर हजार विमानं पाठवायची होती. त्याच्याकडे लढाईला तयार अशी विमानं होती चारशेच्या आसपास. मग प्रशिक्षण केंद्रांतली विमानं काढली, शिकवणारे काढले, शिकणारेही काढले. हजार हा आकडा पाहिजेच होता, कारण वर्तमानपत्राच्या मथळ्यात नऊशे शोभत नाहीत. हे माझं मत आहे, पण हॅरिसला प्रसिद्धीची आणि सरकारच्या पाठिंब्याची किती गरज होती हे इतिहासात लपलेलं नाही. आधी हॅम्बुर्ग ठरलं होतं. हवामान बिघडलं म्हणून कोलोन ठरलं. एका शहराचं ढग सरकले नाहीत म्हणून वाचणं आणि दुसऱ्याचं चांदण्यामुळे जळणं. ३० मेच्या रात्री १,०४७ विमानं निघाली.

मॅन्सर तोपर्यंत फ्लाइंग ऑफिसर झालेला, लिंकनजवळच्या स्केलिंगथॉर्पच्या तळावर होता आणि विमानाचा कप्तान होता. विमान म्हणजे मँचेस्टर. या विमानाची गोष्ट करुण आहे, थोडी हास्यास्पदही. मोठं धूड आणि इंजिनं फक्त दोन. त्या इंजिनाचं नाव 'व्हल्चर', म्हणजे चक्क गिधाड. चोवीस सिलिंडरचं हे अवजड प्रकरण तापायचं, बेअरिंग जायची आणि कधी पेट घ्यायचं. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या जिवावर भरलेलं मँचेस्टर उंची टिकवू शकत नसे. त्याच आराखड्याला चार मर्लिन इंजिनं लावली आणि लँकेस्टर तयार झालं. लँकेस्टर मार्च १९४२ पासून मोहिमांवर जाऊही लागलं होतं. मँचेस्टरची शेवटची मोहीम झाली जूनच्या २५ तारखेच्या रात्री. म्हणजे मॅन्सर ज्या विमानात मेला ते आणखी चार आठवड्यांनी निवृत्तच होणार होतं.

त्या रात्री विमानात सात जण होते. भार आगलाव्या बॉम्बचा. हे बॉम्ब म्हणजे षटकोनी कांड्या, आपल्या लाटण्याहून लांब, वजनाला पावणेदोन किलोच्या वर, मॅग्नेशियमच्या. मोठे बॉम्ब आधी छपरं आणि खिडक्या फोडायचे आणि मग या कांड्या घरात शिरायच्या. एका विमानात हजाराहून जास्त मावत. तेवढं ओझं घेऊन त्या थकलेल्या विमानाला सात हजार फुटांच्या वर चढवेना. बाकीची विमानं कितीतरी वर. परत फिरलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. मॅन्सरने पुढे जायचं ठरवलं.

कोलोनवर सर्चलाइटच्या झोतांनी त्याला धरलं. त्या उजेडात त्याने विमान सरळ ठेवलं, बॉम्ब टाकले आणि लगेच तोफेचे गोळे लागले. त्याने विमान वळवत, खाली झोकत, हजार फुटांच्याही खाली आणलं. मागचा तोफची नेलर जखमी झाला होता. पुढच्या भागात धूर भरला होता. डावं इंजिन तापत होतं. या क्षणी पॅराशूट लावून सगळ्यांनी उड्या मारल्या असत्या तर सातही जण बहुधा जिवंत राहिले असते आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत बसले असते. मॅन्सरला विमान आणि माणसं दोन्ही घरी न्यायची होती. त्याने विमान हळूहळू दोन हजार फुटांपर्यंत चढवलं आणि पश्चिमेला वळवलं.

मग डाव्या इंजिनाने पेट घेतला. आग विझायला दहा मिनिटं लागली. तोवर पंखाचा एक भाग जळाला होता आणि इंजिन कायमचं गेलं होतं. दहा मिनिटं म्हणजे किती, हे मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, नुसतं स्वयंपाकघरात उभी राहून. कुकरच्या शिट्या होऊन वाफ जिरते तेवढा वेळ. एवढा वेळ तो पेटलेल्या पंखाशेजारी बसून दिशा धरून होता.

विमान खाली यायला लागलं. बेल्जियमची हद्द आली होती. त्याने उड्या मारायचा हुकूम दिला. एकेक जण गेला. दुय्यम वैमानिक सार्जंट बेव्हिस्टॉक त्याच्याजवळ पॅराशूट घेऊन आला आणि ते त्याला लावू लागला. मॅन्सरने हाताने दूर सारलं आणि ताबडतोब उडी मार म्हणून सांगितलं, कारण विमान आणखी काही सेकंदच स्थिर राहणार होतं. बेव्हिस्टॉकने उडी मारली तेव्हा जमीन इतकी जवळ होती की पॅराशूट नीट उघडायलाही अवकाश नव्हता. तो पाण्याने भरलेल्या एका चरात पडला आणि त्या पाण्यामुळेच वाचला. उतरता उतरता बाकीच्यांनी विमान जमिनीवर आपटून पेटताना पाहिलं.

"पण त्याने स्वतः का नाही उडी मारली?" भाच्याने विचारलं. आम्ही कबरीसमोरच्या बाकावर बसलो होतो आणि ताईने पाठवलेल्या दाण्याच्या चिक्कीचा शेवटचा तुकडा वाटून खात होतो.

मी त्याला होडीचं सांगितलं. होडीला एकाच बाजूला वल्हं मारलं तर ती गोल फिरते. विमानाचं एक इंजिन गेलं की दुसरं त्याला मेलेल्या बाजूला ओढतं. ते ओढणं थोपवायला वैमानिकाने उलट्या बाजूच्या पेडलवर पाय दाबून धरायचा, हातातला दांडाही सोडायचा नाही. वेग जितका कमी तितका जोर जास्त. पाय काढला की विमान कुशीवर पडणार, आणि कुशीवर पडलेल्या विमानात झडपेपर्यंत पोचणं कुणालाच जमत नाही. म्हणजे शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत एकाला बसावंच लागतं. आणि त्या उंचीवर, शेवटचा बाहेर पडल्यावर, बसलेल्याला वेळ उरत नाही.

"म्हणजे त्याने ठरवलं असं नाही. तो फक्त पाय काढत नव्हता," भाचा म्हणाला.

मी यावर बराच विचार केला. पोरगा बरोबर बोलला असं आता वाटतं. आपण शौर्य म्हटलं की छाती, तलवार, पोवाड्याचा डफ, असलं काहीतरी मनात आणतो. इथे पेडलवर दाबलेला एक पाय आहे, बास.

मात्र दुसरी बाजू सोडून पुढे जाता येत नाही. लूव्हनहून लिएजमार्गे रेल्वेने कोलोन काही फार लांब नाही. भाच्याला घेऊन तिकडेही गेलो. माझ्या लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची, ते ज्याच्या नावाचं ते हे गाव. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की थेट अंगावर येणारं ते काळपट प्रचंड चर्च. ते उभं राहिलं. भोवतीचं शहर त्या एका रात्रीत, दीड तासात, ठिकठिकाणी पेटलं. साडेचारशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ४५,००० बेघर झाली. आकडे मोठे आहेत म्हणून मी त्यातल्या एकाच गोष्टीशी थांबते. मॅन्सरच्या विमानातल्या लाटण्याएवढ्या कांड्या कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी हिवाळी कपड्यांच्या पेटीवर पडल्या असणार. ज्या पोराने सहा जणांसाठी पाय काढला नाही, त्यानेच थोड्या वेळापूर्वी बॉम्बच्या कप्प्याचं झाकण उघडायला लावलं होतं. हिटलरच्या फौजांनी आधी कुणाची किती शहरं जाळली ते मला ठाऊक आहे. तरी चर्चसमोरच्या पायऱ्यांवर बसल्यावर वाद घालायची इच्छा होत नाही. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

ही सगळी गोष्ट आपल्याला कशी कळली, याचाही एक प्रवास आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. उडी मारलेल्या सहांपैकी नेव्हिगेटर बार्न्स पकडला गेला. बेव्हिस्टॉक, हॉर्सली, किंग, मिल्स आणि जखमी नेलर या पाच जणांना ब्रे गावाच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी घरात घेतलं. पकडले गेले असते तर वैमानिक कैदेत जाणार आणि ज्याने भाकरी दिली त्याच्यापुढे गोळी किंवा छळछावणी. तरी दारं उघडली. तिथून त्यांना 'कॉमेट' नावाच्या गुप्त साखळीकडे सोपवलं गेलं. ती उभी केली होती ब्रसेल्सच्या आंद्रे द यॉन्ग या मुलीने, आणि तिच्या वडिलांनी. हे पाच जण तिच्याकडे आले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. ब्रसेल्स, पॅरिस, मग फ्रान्सचं दक्षिण टोक, मग रात्री वाटाड्याच्या मागून पिरेनीजचा डोंगर ओलांडायचा, स्पेनमधून जिब्राल्टर. काही आठवड्यांत पाचही जण इंग्लंडला पोचले. पुढे जानेवारी १९४३ मध्ये आंद्रे पकडली गेली. ती छळछावण्यांतून जिवंत आली. तिच्या वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घातल्या.

त्या पाच जणांनी इंग्लंडमध्ये जाऊन सांगितलं, तेव्हा कुठे मॅन्सरच्या शेवटच्या तासाचा पत्ता लागला. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला ऑक्टोबर १९४२ मध्ये. कुणी पाहिलं आणि पाहणारा परत आला, म्हणून. बेव्हिस्टॉक पुढे स्वतः कप्तान झाला, समुद्रावरून उडणारी संडरलँड विमानं चालवली आणि १९४४ मध्ये दोन जर्मन पाणबुड्या बुडवल्या.

त्या रात्री एकूण ४१ विमानं परतली नाहीत. त्यांतल्या किती जणांनी पाय काढला नसेल? लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ मध्ये या दलाचं स्मारक झालं. त्याच्या छतात हॅलिफॅक्स विमानाचा पत्रा वापरला आहे. ते विमान मे १९४४ मध्ये बेल्जियममध्येच पडलं होतं, दलदलीत. आतले सगळे मेले, आणि त्यांतले तिघे १९९७ मध्ये विमान बाहेर काढेपर्यंत आतच होते. त्या विमानात शेवटच्या मिनिटाला कोण कुणाला काय म्हणालं, हे सांगायला कुणी उरलं नाही. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान गेले, त्याचं स्मारक आहे. लहानपणी बाबांबरोबर मी तो आकडा वाचला होता. सेहेचाळीस. कोण कुठल्या खंदकात कुणासाठी थांबला, त्याला साक्षीदार नव्हता, किंवा असला तरी त्याला कुणी विचारलं नाही.

भाचा परत जायच्या आदल्या शनिवारी आम्ही गाडी काढून किनरोईकडे गेलो. बेल्जियमचा ईशान्य कोपरा, नेदरलँड्सची हद्द हाकेवर. तिथल्या पाणथळ रानाला स्टॅम्प्रोयरब्रूक म्हणतात. डचमध्ये 'ब्रूक' म्हणजे दलदलच. २००४ मध्ये, ३१ मेलाच, तिथे मॅन्सरचं छोटं स्मारक झालं. लिंकनमध्ये जुन्या तळाच्या जागी उभ्या राहिलेल्या वस्तीत त्याच्या नावाची प्राथमिक शाळाही आहे. तिथे मी गेलेली नाही. इथे मात्र फारसं कुणी येत नसावं. एक सायकलवाले आजोबा मान हलवून गेले, तेवढेच.

रस्त्याच्या कडेने चर होते, वर हिरवं शेवाळ, खाली पाणी. भाचा वाकून पाहत होता. "एवढंसं पाणी? यात पडून तो वाचला?" म्हणत त्याने अंदाज घ्यायला पाय पुढे केला आणि काठ खचला. गुडघ्यापर्यंत पाय आत. नवे पांढरे बूट, ताईने परवाच घेऊन दिलेले. मी ओरडले. तो एका हाताने गवत धरून हसत सुटला आणि म्हणाला, "मावशी, खोल आहे गं, तळ लागत नाहीये."

मी त्याचा हात धरला आणि ओढला.